रोजचा एक वाचक

चष्मा कपाळावर चढवायचा, तोंड पडद्याच्या अगदी जवळ न्यायचं, बोटानं एकेक ओळ खाली सरकवायची आणि समोर बसलेल्याकडे न पाहता म्हणायचं, "यंत्रानं वाचलं. माणसानं नाई."

देवळीत आम्ही जे चार-सहा लिहिणारे आहोत, त्या सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. तुमच्याही गावात असा एखादा खरं बोलणारा असेल. त्याला आपण चहाला बोलावतो, पण लग्नाला बोलवावं की नाही याचा दोनदा विचार करतो. आमचा हा तसाच होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. जिवंत असता तर म्हणाला असता, "नाव लिवून काय होते? कोण वाचते?"

माझं बियाण्यांचं दुकान आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. आधी त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. पोरांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. मग तो सातबारा, पीक विमा, जातीचे दाखले असले ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागला. दुकानातल्या लोखंडी कपाटावर एक जुना कॉम्प्युटर अहोरात्र चालू असायचा. कापसाच्या दिवसांत रस्त्यावरून उडणारा फुंजा, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, आत जाऊ नये म्हणून त्यावर बायकोचं जुनं लुगडं पांघरलेलं. त्या लुगड्याखाली आमचं सगळं साहित्य होतं.

झालं असं की, एका दैनिकानं आमचे लेख परत पाठवले. म्हणजे परतही पाठवले नाहीत, नुसते गोड बोलले. ते ऐकून हा म्हणाला, "मी देतो तुमाले जागा. तिथं काय वाट्टेल ते लिवा." आणि त्यानं खरंच ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर आणून त्या कॉम्प्युटरवर बसवलं, प्रत्येकाला एकेक पान दिलं. बदल्यात त्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान तक्रार करायला तोंड राहिलं असतं.

ते सॉफ्टवेअर त्यानं उघड्यावर ठेवलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक बंद डबा, ब्लॉग चालवायला लागणारं सगळं त्यात. शांत असला की तो त्याला कंटेनर म्हणायचा, चिडला की डब्बा. आमचं लेखन मात्र डब्याच्या बाहेर, वेगळ्या जागी. डबा बिघडला तर तो कधी दुरुस्त करायचा नाही. सरळ मोडायचा आणि तसाच नवा उभा करायचा. आम्ही समोर बसलेलो असताना मुद्दाम मोडायचा. एक रिटायर्ड तलाठी आमच्यात कविता लिहितात, त्यांचा चेहरा दर वेळी पांढरा पडायचा.

"काकाजी, घाबरता काऊन? डब्बा मेला, तुमची कविता नाई मेली," तो म्हणायचा. आणि थोडं थांबून, "मेली असती तरी कोणाले समजलं नसतं."

हा डब्याचा नियम तो माणसांनाही लावायचा. सख्ख्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं. कारण विचारलं तर म्हणाला, "बिघडलता. सुधरवत नाई बसलो." त्याच्या बायकोनं हे माझ्यासमोर ऐकलं आणि ती चहाचे कप उचलून आत गेली.

सोमवारी सकाळी दुकानात गर्दी कमी असते. त्या दिवशी आम्ही जमायचो आणि तो वाचन सांगायचा. कोणाचं पान किती जणांनी उघडलं याच्या नोंदी त्या कॉम्प्युटरवर, डब्याच्या बाहेर पडत जातात. त्यात माणूस कोणता आणि यंत्र कोणतं हे त्याला नजरेनं कळायचं. माणूस पान उघडतो, फोटो उघडतो, जरा वेळ थांबतो, दुसरीकडे जातो. इंटरनेटवर भटकणारी यंत्रं अक्षरं उचलतात आणि पळतात. हे त्यानं मलाही शिकवलं, कारण मी शेजारी होतो आणि मला दुपारी काम नसायचं.

"काकाजी, तुमची वसंताची कविता तिघांनी उघडली," तो तलाठ्यांना सांगायचा. तलाठी खुलायचे. "दोन यंत्रं. तिसरे तुमी."

मी वांग्याच्या जातींवर एक लेख लिहिला होता. आमच्या घरात आजोबांपासून भाजीपाला पिकतो, त्यामुळे मला त्या लेखाचा अभिमान होता. त्यावर एक प्रतिक्रिया आली. त्यानं ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कुठल्या तरी परदेशातल्या गोळ्या विकणाऱ्याची जाहिरात होती. "एकानं तरी पूर्ण वाचला म्हणा," तो म्हणाला.

अंगणवाडीच्या एक बाई गोष्टी लिहायच्या. त्यांचा आकडा शून्य निघाला तेव्हा त्या रडल्या. यानं पाण्याचा गिलास पुढे केला आणि म्हणाला, "रडणं झालं का सांगजा, पुढचं वाचतो." त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मी त्याला नंतर बोललो, माणसाशी बोलायची ही काय रीत झाली म्हणून. "मंग काय हजार लोकायनं वाचलं म्हणू?" एवढंच त्याचं उत्तर.

सगळ्यांना तो असा सोलून काढायचा, एका सिस्टरबाईंना सोडून. त्यांची पाळी आली की तो ओळी खाली सरकवायचा, म्हणायचा, "एक," आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. यंत्र की माणूस, काही नाही. नुसतं "एक." हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, बाईंना घाबरत असेल. त्यांना बरेच जण घाबरायचे.

सिस्टरबाई मूळच्या अल्लीपूरच्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत काढली आणि रिटायर होऊन देवळीत राहिल्या. नवरा गेला तेव्हा त्यांच्या तोंडून मुलाला एक वाक्य गेलं, "तुह्यापायीच गेला तो." विहारात बापाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरानं बॅग उचलली आणि देवळीच्या स्टँडवरून गाडीत बसला. नंबर बदलला. कुठे आहे, काय करतो, कोणाला माहीत नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच मला सांगितलं, इंजेक्शन द्यावं तसं, एका दमात.

आमच्या या ब्लॉगवर सगळ्यांत पहिलं पान त्यांचं झालं. मुलाच्या एका जुन्या मित्राच्या हातून त्यांनी त्या पानाचा पत्ता पोराकडे पोचवला होता, म्हणजे पोचला असावा असं त्या धरून चालल्या होत्या. लिहायच्या साधंच. आज विहारात कोण आलं, अंगणातल्या लिंबाला किती फळ धरलं, पाटवडीच्या रश्शात या वेळी काय चुकलं. मुलाचं नाव एकदाही नाही. पण वाचणाऱ्याला कळायचं की हे कोणाला तरी उद्देशून चाललं आहे. आणि रोज, एकही दिवस न चुकता, त्यांच्या पानाला एक वाचक असायचा. आमचे आकडे वरखाली व्हायचे, त्यांचा एक ढळायचा नाही.

त्या एकावर बाई जगत होत्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुकानातून घरी जाताना त्यांची चालच वेगळी असायची. तलाठी तर मनातून जळायचे.

मग तो सोमवार आला. सिस्टरबाई काठी टेकत दुकानात आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, भाची त्यांना न्यायला नागपूरहून गाडी घेऊन येणार होती. खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, "मी भाचीले नाई म्हणून सांगितलं. पौर्णिमेले ये म्हणून मी त्याले लिवलं हाये. तो रोज वाचून राह्यला. आला अन् घराले कुलूप दिसलं तर?"

आम्ही माना हलवल्या. अशा वेळी माणसं हलवतात तशा.

तो पडद्याकडेच पाहत होता. "बाई, ऑपरेशन करून घ्या. तो वाचत नाई."

"रोज एक असते ना?"

"तो एक मी लावेल हाये. डब्बा जिवंत हाये का मेला, हे समजाले दर मिनिटाले एक पान उघडून पाहा लागते. उत्तर आलं तर ठीक, नाई तर मोडून नवा उभा होते. आपोआप. तवा एकच पान होतं, तुमचं. तेच लावलं. मोजणी एका दिवसात एकाले एकदाच धरते, म्हणून तुमाले रोज एक दिसते. पह्यल्या दिवसापासून तोच हाये. दुसरं कोणी नाई."

तलाठी म्हणाले, "अरे बापा, जरा हळू सांगाचं."

"हळू सांगितल्यानं त्याचा माणूस होते का?"

सिस्टरबाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तुमाले हे माहीत होतं?"

"हो."

"मंग आजपरेंत काऊन नाई सांगितलं?"

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. आमची कातडी सोलणाऱ्या या माणसानं एकाच बाईच्या बाबतीत तोंड मिटून घेतलं होतं, आणि ती दया बाईंना सगळ्यांत महाग पडली. पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर त्या चार दिवस रडल्या असत्या आणि संपलं असतं.

"ते पान काढून टाका," बाई म्हणाल्या.

"सारं?"

"सारं."

त्याची बोटं चालली. "काढलं," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, उद्या या, विचार करून सांगा, असं काही म्हणेल. माझ्याकडे कोणी रागात बियाण्याची थैली परत करायला आला तर मीसुद्धा त्याला आधी पाणी पाजतो. यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. जुन्या प्रतीही तो आठवड्यापलीकडे ठेवायचा नाही. शिळं कशाला, म्हणायचा. म्हणजे आठवड्यानं बाईंचं पान कुठेच उरणार नव्हतं.

बाई घरी पोचल्या नसतील तोच आमचा सगळा ब्लॉग कोसळला. उठायचा आणि पडायचा, उठायचा आणि पडायचा. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून कपाटाला शिडी लावून बसला. तारा बदलल्या, लुगडं झटकलं, विजेच्या खात्याला शिव्या घातल्या. दुपारी शिडीवरच थांबला आणि हसला. त्याचं हसणं काही ऐकण्यासारखं नव्हतं. डब्याची तपासणी अजून सिस्टरबाईंचंच पान मागत होती. पान सापडत नव्हतं, म्हणून डबा मेला असं ठरत होतं, डबा मोडला जात होता, नवा उभा राहत होता, आणि नव्यातही ते पान नव्हतं. ज्या माणसानं ती तपासणी लावली आणि आदल्या दिवशी सगळ्यांसमोर समजावून सांगितली, तोच ती विसरला होता.

"आता तुमचं पान लावतो," तो मला म्हणाला. "उद्यापासून तुमाले रोज एक वाचक भेटन. खुश होऊ नका."

सिस्टरबाईंचं ऑपरेशन झालं. पौर्णिमा त्यांनी नागपुरात काढली. कोणी आलं नाही, घराला कुलूप होतं, मी जाता-येता पाहत होतो. त्या परत आल्या, पण सोमवारी यायचं त्यांनी बंद केलं.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. तो माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत पोत्यांपाशी उभा राहिला. मग म्हणाला, "माणूस आलता."

"कुठं?"

"बाईच्या पानावर. काल दुपारी. मोबाइल होता, पुण्याकडचा. पान नाई म्हणून दिसलं असन त्याले. तरी पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. लई वेळ. मंग थांबला."

मी त्याचा हात धरला. "आता हे तिले सांगू नको. तुले माह्या गळ्याची आण."

"मांगं नाई सांगितलं तर काय झालं, पाह्यलं ना?"

मी शटर ओढलं आणि त्याच्यामागे गेलो. त्याला एकट्याला जाऊ द्यायची माझी हिंमत नव्हती.

सिस्टरबाई अंगणात लिंबाजवळ बसल्या होत्या. त्यांनी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही. मला सांगितलं होतं ते सगळं त्यानं त्यांना सांगितलं, अर्जातली माहिती वाचावी तसं.

"काय वाचलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"काही नाई. पान नोहतं."

"तोच होता?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एक हो. एवढा एक शब्द टाकला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं?

"ते मले नाई सांगता येत," तो म्हणाला. "माणूस होता. एवढंच सांगता येते."

"एक खोटं बोलता येत नाई का जी तुमाले?"

"नाई."

बाई त्याला बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. शिव्या नव्हत्या, पण शिव्या बऱ्या असतात. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्या दमल्या तेव्हा तो म्हणाला, "मी काढलं त्या दिवशी तुमाले पुन्हा एकदा इचारा लागत होतं. नाई इचारलं." आणि मग, "उद्या लॅपटॉप घेऊन येतो. तुमी सांगा, मी लिवतो."

तो गेला खरा. संध्याकाळी दुकान बंद करून रोज जायचा. गेलेलं जे जे आठवेल ते बाई सांगायच्या आणि तो टाइप करायचा. दोघांची भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायची. "हे तुमी मांगं असं नोहतं लिवलं," तो म्हणायचा. तेव्हा आम्हाला कळलं की यानं बाईंचं पान सगळं वाचलेलं होतं. त्यांना माणूस वाचक होता तर. पण तो घरचाच, म्हणून त्यानं स्वतःला मोजलं नसावं.

पान जुन्या पत्त्यावर उभं राहिलं आणि सिस्टरबाई पुन्हा सोमवारी येऊ लागल्या. त्यांची पाळी आली की तो आता स्पष्ट सांगायचा, "शून्य." बाई मान डोलवायच्या आणि चहा प्यायच्या. पुढच्या सोमवारी पुन्हा शून्य. तलाठ्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "बाई, हे आयकाले तुमी एवढ्या पायानं येता?"

"तो म्हणते ते खरं असते," बाई म्हणाल्या. "ज्या दिवशी माणूस म्हणन, त्या दिवशी तेही खरं असन."

त्याला ते म्हणता आलं नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं आणि तो तिथेच पायरीवर बसला. मी पाणी घेऊन धावलो. वर्ध्याला नेईपर्यंत संपला. त्याचा भाऊ आला होता, तो लांब उभा राहिला.

शोकसभेत तलाठी छान बोलले. वरून कडक पण आतून फार मऊ माणूस, असं म्हणाले. माझ्या शेजारी सिस्टरबाई बसल्या होत्या. त्या पुटपुटल्या, "खोटं." मला तो माणूस आवडायचा नाही, आणि त्याच्याशिवाय सोमवार काढणं मला अजून जमत नाही. दोन्ही खरं आहे.

त्याच्या बायकोनं तो कॉम्प्युटर मला देऊन टाकला. "घेऊन जा भाऊ," ती म्हणाली. "घरात खरं बोलणारा एक होता, तेवढा पुरे झाला." आता कॉम्प्युटर माझ्या दुकानात आहे, खतांच्या पोत्यांपासून लांब. डबा मोडायचा आणि उभा करायचा मला जमतं. नोंदीही वाचता येतात. सोमवारी वाचन मी सांगत नाही. माझ्यानं होत नाही, आणि कोणी विचारतही नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी नोंदी पाहताना मी ताठ बसलो. सिस्टरबाईंच्या पानावर कोणीतरी होतं. मोबाइल, पुण्याकडचा. एक लेख उघडला, थांबलं, फोटो उघडला, दुसरा लेख, तिसरा, असं मागे मागे जात अगदी पहिल्या लेखापर्यंत. मग लिंबाच्या फोटोवर परत येऊन थांबलं. यंत्र असं करत नाही. मी ऊन पाहिलं नाही, चप्पल पाहिली नाही.

सिस्टरबाई स्वयंपाकघरात होत्या. मी दारातूनच म्हणालो, "सिस्टरबाई, माणूस आलता. सारं वाचलं त्यानं. पह्यल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "भाऊ, बसा. उन्हातून आले."

"खरंच आलता. हे पाहा ना." मी मोबाइलवर त्या नोंदी उघडून त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी चष्मा लावला आणि इंग्रजी आकड्यांच्या त्या ओळी वरून खालपर्यंत पाहिल्या. मोबाइल मला परत दिला.

"तुमी चांगल्या मनाचे हाये," त्या म्हणाल्या. "तुमाले माहं वाईट पाह्यवत नाई. मले माहीत हाये ते."

"बाई, मी खोटं काऊन बोलीन?"

"सारेच बोलतात, भाऊ. मीबी दवाखान्यात जन्मभर बोलली. दुखणेकऱ्याले म्हणाची, बरे होसान." त्यांनी चष्मा पुसला. "तो असता अन् त्यानं सांगितलं असतं, तर आत्ता उठून त्या पोराची खोली झाडली असती."

मग त्या गॅसकडे वळल्या आणि चहात साखर किती टाकू, असं त्यांनी विचारलं.